दाताचं नाव गळ्यात

आमच्या कार्यालयात पाच कपाटं होती आणि त्यांना नंबर नव्हते, अवयव होते. गळा, टाळू, जीभ, दात आणि ओठ. नवीन माणूस कामाला लागला की पहिला आठवडा त्याला वाटायचं, आपण चुकून दवाखान्यात आलो. "जरा गळ्यातला चौथा खण उघड," "त्या आजी ओठात नाहीत, टाळूत बघ," असं दिवसभर चालायचं. एखादं किचकट प्रकरण कोणावर ढकललं की तो म्हणायचा, "पडलं का माझ्याच गळ्यात," आणि ते खरंच गळ्याचं निघालं की सगळी खोली हसायची.

ही सगळी मास्तरांची करणी. ते कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. आधी पोस्टात पत्रांची वर्गवारी करायचे. मग धरण फुटलं आणि त्यांना आमच्या शोध कार्यालयात आणून बसवलं. आलेल्या प्रत्येकाला ते मुळाक्षरं नव्याने शिकवायचे म्हणून मास्तर. पाठीमागे लोक त्यांना पुटपुट्या म्हणायचे, कारण कार्ड शोधताना त्यांचे ओठ सारखे हलायचे. मीही म्हणायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला याहून वाईट सांगायचं आहे.

धरण फुटलं तेव्हा खालच्या वस्त्यांतली माणसं मिळेल त्या ट्रकात घालून हलवली होती. आई एका ट्रकात, पोर दुसऱ्यात, म्हातारा तिसऱ्यात, आणि तीन ट्रक तीन दिशांना. आमचं काम ऐकायला सोपं होतं. सापडलेल्या माणसाचं पांढरं कार्ड करायचं, कोणी शोधत आलं की त्यांच्या माणसाचं पिवळं कार्ड करायचं, आणि पांढऱ्याला पिवळं मिळालं की एक घर जुळायचं. पण नाव सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा. सांगणारा व म्हणतो, छावणीतला शिपाई ब लिहितो. कोणाचा ळ, कोणाचा ल. श, ष आणि स यांच्यात तर देवालाही फरक कळत नसेल. पहिल्या महिन्यात आम्ही कार्डं नुसती अकारविल्हे लावली होती, आणि बाप एका खणात, लेक पलीकडच्या खणात, असं तीन तीन आठवडे चाललं होतं.

मास्तरांचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता आणि उजवाही निम्माच होता. समोरचा बोलायला लागला की ते त्याच्या डोळ्यांत नाही, तोंडात बघायचे. एक दिवस साहेबांना म्हणाले, "मला प, फ, ब, भ, म हे पाचही सारखेच. पाचही वेळा ओठ मिटतात. मग ठेवा की पाचही एका कपाटात. मुळाक्षरं लावणाऱ्यांनी आपलं काम आधीच करून ठेवलंय साहेब. क ची रांग गळ्याची, त ची रांग दाताची. आपण लहानपणी पाठ केलं आणि मोठेपणी विसरलो."

मग त्यांनी प्रत्येक रांगेला एक आकडा दिला. व गेला ओठांत, ब च्या शेजारी. र, ल, ळ यांचा एक आकडा, श, ष, स यांचा एक, न आणि ण यांचा एक. काना, मात्रा, वेलांटी धरायची नाही, ह ची तर नुसती हवा म्हणून तो सोडूनच द्यायचा. असं प्रत्येक नावाचं तीन-चार आकड्यांचं गाठोडं व्हायचं. पहिल्या अक्षरावरून कपाट, बाकीच्या आकड्यांवरून खण. कानाला सारखी वाटणारी नावं आपोआप एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसायची. पहिल्याच आठवड्यात साठ घरं जुळली. ज्या माणसाला धड ऐकू येत नव्हतं, त्याने सगळ्या शहराचं ऐकणं मार्गी लावलं होतं.

त्यांच्या घरीही हाच कारभार. काकू, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघराच्या दारातून आवाज न काढता नुसते ओठ हलवून त्यांच्याशी बोलायच्या. पाहुण्यांसमोर पाहुण्यांचीच निंदा करायची म्हणजे किती मोठी सोय. पण ओठांचा भरवसा तेवढाच. लग्नाला महिना झाला होता तेव्हा काकूंनी दारातून विचारलं, "भाजी?" मास्तरांनी वाचलं "माझी?" आणि चार पाहुण्यांदेखत मोठ्याने म्हणाले, "तुझीच. आणखी कोणाची असणार?" ही गोष्ट काकूंनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी लाजून.

मी कार्यालयात आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. कानामागून आले आणि तिखट झाले. माझं अक्षर छापल्यासारखं होतं आणि कान तीक्ष्ण होते. मास्तरांना हलक्या आवाजाची माणसं आणि लहान मुलं ऐकूच यायची नाहीत, म्हणून ती सगळी माझ्याकडे. मास्तर म्हणायचे, "डोळे माझे, कान तुझे." त्यांनी मला एकच नियम घालून दिला होता: ऐकू आलं ते लिहायचं, कळलं ते नाही. आणि कुठे शंका वाटली तर ते स्वतः कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण करायचे. खुणेची कार्डं शनिवारी वेगळी काढायची आणि शंकेच्या दुसऱ्या कपाटातही शोधायची. दर शनिवारी एखादं तरी घर त्या पेन्सिलीमुळे जुळायचं.

माझ्या तिसऱ्या आठवड्यात एक नर्स चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. गुडघा फुटलेला, अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, बाह्या चार वेळा दुमडलेल्या. मी तिला टेबलावर बसवलं आणि बिस्किट दिलं. ते संपवून ती म्हणाली, "ताती, अजून एत थाऊ." ताती म्हणजे काकी, एत म्हणजे एक, थाऊ म्हणजे खाऊ. पोरीच्या तोंडात गळ्याचं कपाटच नव्हतं. मी हसून दुसरं बिस्किट दिलं आणि नाव विचारलं. तिने सांगितलं. त ने सुरू होणारं.

नाव इथे लिहीत नाही. माझ्या हातून एकदा लिहून झालं तेवढं पुरे आहे. पण एवढं सांगते की त्यातला पहिला त काढून क घातला तर त्या नावाच्या मुली दर गल्लीत दोन सापडतील. आणि त ने ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यात समोर काकीला ताती म्हणणारं पोर. मी तेच नाव क लावून म्हटलं, "असं ना?" तिने मान हलवली, नाही. पुन्हा त ने सांगितलं. मी पुन्हा क ने विचारलं. पुन्हा नाही. मास्तरांनी भिंतीवर एक चेहरा काढून ठेवला होता. लहान मुलांना ते विचारायचे, नाव कुठून निघतं, बोट लाव बघू. तिसऱ्यांदा ती रडकुंडीला आली, तिने त्या चित्राकडे बघितलं आणि बोट स्वतःच्या वरच्या दातांवर ठेवलं.

"दातावरच ठेवणार तू," मी तिला म्हटलं. "तुझं सगळंच दातातून येतं." आणि मी क लिहिला.

मास्तर पलीकडे ओठांच्या कपाटापाशी उभे होते. ते आले. "मला दात दिसले," ते म्हणाले.

"मास्तर, ती काकीला ताती म्हणते."

"ते असू दे. नाव सांगताना ऐकू काय आलं?"

"ऐकू आलं ते जाऊ द्या. मला कळलं ना."

हे माझ्याच तोंडचं वाक्य आहे. त्यांनी माझ्या ओठांकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरं. कान तुझे." नर्स मुलीला घेऊन गेली. दारातून पोरगी मला हात करत होती, कारण बिस्किटं मीच दिली होती.

कार्यालय बंद करायच्या वेळी मी दिवसभराची कार्डं लावायला घेतली, तर त्या कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं: दात? एवढंच. मला तोंडात मारल्यासारखं झालं. तोंडावर म्हणायचं कान तुझे, आणि मागून खूण करायची. ज्या माणसाला दार वाजलेलं ऐकू येत नाही त्याने माझ्या कानांवर शंका घ्यावी? शिवाय कार्ड किती सुंदर लिहिलं होतं मी. खणातून रबर काढलं, दोनदा घासलं, भुगा फुंकला आणि कार्ड गळ्याच्या कपाटात सारून दिलं. दहा सेकंदांचं काम होतं. चुकीचा क ही चूक होती, ती माणसाकडून होते. रबर ही माझी मिजास होती.

चाळीस दिवसांनी तिची आई आली. पाय मोडून दवाखान्यात पडलेली, कुबडी घेऊन दोन जिने चढलेली. इस्त्रीच्या दुकानात काम करायची. अंगाला गरम कापडाचा वास आणि मनगटावर चटक्यांचे जुने डाग. धरण फुटलं तेव्हा मुलगी शेजारणीकडे होती, त्यामुळे अंगात काय कपडे होते तेही तिला सांगता येईना. फोटो पाण्यात गेले होते. नाव तिने स्वच्छ सांगितलं, त ने. मग म्हणाली, "बोबडं बोलते हो ती."

"या वयात सगळीच बोलतात," मी म्हटलं आणि पिवळं कार्ड दातात लावलं. बोबडेपणाला आमच्या कार्डावर रकाना नव्हता. समोर पांढरं कार्ड नव्हतं. खूण असती तर येत्या शनिवारी ते दुसऱ्या कपाटातून निघून तिथे आलं असतं. एका शनिवारचा प्रश्न होता.

त्यानंतर ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायची. आमची भाषा शिकली होती. दारातूनच विचारायची, "ताई, दातात बघितलंत?" मी उठायचे, खण ओढायचे, तिच्यासमोर सगळी कार्डं बोटाने चाळायचे. प्रामाणिकपणे चाळायचे. "नाही हो अजून." ती मान डोलवायची, मास्तरांशी तोंड त्यांच्याकडे करून सावकाश दोन शब्द बोलायची, आणि जायची. गळ्याचं कपाट माझ्या पाठीशी होतं. मी उठायला खुर्ची मागे सारली की ती त्याच्या कडीवर आपटायची.

मला ती मुलगी आठवली का नाही? रोज पन्नास माणसं समोर यायची, तोवर शंभर बोबडी पोरं येऊन गेली असतील. मी विसरले होते, हे खरं आहे. इतक्यांदा स्वतःला सांगितलंय की आता ते खरंच आहे.

अकरा वर्षं गेली. छावण्या उठल्या, कार्यालय तीन खोल्यांवरून एका खोलीवर आलं, आणि वरून हुकूम आला की सगळी कार्डं संगणकात घाला. त्यासाठी एक बाई आल्या, कमी बोलणाऱ्या, आमची कपाटांची नावं ऐकून न हसणाऱ्या. मास्तरांनी त्यांना आपले आकडे समजावले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिलंच अक्षर चुकलं तर?"

मास्तरांनी पुन्हा विचारायला लावलं. त्यांना वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले. अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "त्याला पेन्सिलीची खूण आहे," ते म्हणाले.

"आणि खूणच राहिली तर?"

बाईंनी पहिला आकडा सोडून कार्डं जुळवून बघितली. चाळीस जोड्या निघाल्या. त्यांतल्या एकोणचाळीस निव्वळ हसण्यासारख्या, साठ वर्षांच्या म्हाताऱ्यासमोर तीन वर्षांची मुलगी. सतराव्या जोडीत वय जुळत होतं, वस्ती जुळत होती. मास्तरांनी गळ्यातलं कार्ड काढलं. माझं छापल्यासारखं अक्षर. ते कार्डाकडे बघत राहिले.

"ही मला आठवते," ते म्हणाले. "शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मला दात दिसले होते गं. मी तुला म्हटलंही होतं." मग त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. कार्ड अकरा वर्षांत पिवळट झालं होतं, काही दिसत नव्हतं. "आणि मी खूण केली नाही. खूण करायला विसरलो मी."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. हातात टाचण्यांची डबी होती. "विसरला नाहीत" एवढे दोन शब्द म्हणायचे होते, पण माझी दातखीळ बसली.

मुलगी पंधरा वर्षांची झाली होती. दोन गावं सोडून पलीकडे एका शिक्षक जोडप्याने तिला वाढवलं होतं, चांगलं वाढवलं होतं. ते तिला घेऊन आमच्याच खोलीत आले. आई सकाळपासून बाकावर बसून होती. मुलगी दारात आली तशी ती उठली आणि हाक मारली, त ने. मुलीने मागे वळून बघितलं, कोणाला बोलावतायत म्हणून. आईने पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला मुलगी नम्रपणे म्हणाली, "माझं नाव तसं नाहीये," आणि माझ्या कार्डावरचं नाव सांगितलं. इतका स्वच्छ क मी कधी ऐकला नाही. मी ठेवलेलं नाव होतं ते. तिच्या शाळेच्या दाखल्यावर, वहीवर, सगळीकडे माझं अक्षर चालत गेलं होतं.

मास्तर पुढे झाले. आईच्या समोर उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे. मी पाहिलं होतं आणि खूण करायला विसरलो."

"तुमची कशी?" ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही." मग माझ्याकडे वळली. "ताई, तुम्हाला तर येतं ना?"

"ती बोबडी बोलायची," मी म्हटलं.

"बोबडी बोलायची. पण नाव नीट सांगायची."

त्या दोघी त्या दिवशी एकत्र गेल्या नाहीत. मुलगी सुट्टीत येईन म्हणाली, आणि पुढे येतही राहिली. आई अजून तिला त ने हाक मारते आणि पोरगी आता ओ देते, असं ऐकलंय. ओ द्यायला अर्धा क्षण उशीर होतो म्हणे.

त्याच वर्षी मास्तर निवृत्त झाले. निरोपाला हार-भाषण नको म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डबा घेऊन हजर. "एक खूण विसरलो," ते म्हणाले. "एकच विसरलो असेन कशावरून?" संगणकाला पहिला आकडा सोडता येत होता, पण मधलं अक्षर सोडलं की तो हजारो जोड्या ओकायचा. म्हणून मास्तर अकरा हजार पांढरी कार्डं हाताने तपासायला बसले. एक कार्ड घ्यायचं, नाव ओठांत घोळवायचं, या नावाला आपण कुठे शंका घ्यायला हवी होती ते ठरवायचं, आणि तिथलं पिवळं शोधायचं. जुळणारं काही निघत नव्हतं. कार्डावर खूण नाही, हे बघून मात्र दर वेळी त्यांचा चेहरा उतरायचा. मी समोरच्या टेबलावर. चार वर्षं.

या चार वर्षांत त्यांचा उजवा कानही गेला. मी त्यांना चहा आणून द्यायचे, जड खण ओढून द्यायचे, त्यांचा चष्मा पुसून द्यायचे. लोक म्हणायचे, पोटच्या मुलीसारखं करते. ओठात एक आणि पोटात एक म्हणतात ते हेच.

मग गेल्या महिन्यात काकू मला बाजारात भेटल्या. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "तुला एक विचारू? तू इतकी वर्षं बरोबर काम केलंस. हे पहिल्यापासून इतके विसरभोळे होते का गं? मला तर कधी वाटलं नाही. आता कुलूप लावतात, कोपऱ्यापर्यंत जातात, परत येऊन बघतात. चार चार वेळा. गॅस बंद केला का, विचारतात, मी हो म्हटलं तरी स्वतः बघतात, आणि बघितल्यावर म्हणतात, मी नीट बघितलं ना? स्वतःवरचा विश्वासच उडालाय माणसाचा."

मी म्हटलं, "वय होतंय काकू."

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी खुर्ची उचलून त्यांच्यासमोर ठेवली, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी. त्यांनी कार्ड खाली ठेवलं आणि नेहमीसारखं माझ्या ओठांकडे बघितलं. पंधरा वर्षांत जमलं नव्हतं ते वाक्य मी म्हटलं. "खूण मी पुसली."

त्यांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "अगं, फसलीस तर फसलीस," ते म्हणाले. "चार वर्षांचं पोर, काकीला ताती म्हणणारं. कोणीही फसलं असतं. तू कशाला मनाला लावून घेतेस? खूण करायचं काम माझं होतं."

मला कळायला जरा वेळ लागला. खूण हा शब्द ओठांवर दिसलाच नव्हता. गळ्याची अक्षरं ओठांवर दिसत नाहीत. उरलं होतं ते "मी पुसली", आणि त्यांनी वाचलं "मी फसले". त्यांच्याच पद्धतीने बघितलं तर दोन्हींचे आकडे सारखे. एकाच खणात, मांडीला मांडी लावून बसलेले शब्द.

आणि खोटं कशाला बोलू, मला तिथेच थांबावंसं वाटलं. मी खरं बोलले होते. त्यांनी माफ केलं होतं. दोन्ही गोष्टी झाल्या होत्या, नुसत्या एकमेकींना जुळत नव्हत्या. मी मान डोलवलीसुद्धा. त्यांनी पुढचं कार्ड हातात घेतलं, ओठ हलायला लागले, आणि कोपऱ्यात खूण नाही हे बघून चेहरा उतरला.

मी त्यांच्यासमोरून एक कोरं कार्ड ओढलं. त्यांचीच पेन्सिल घेतली आणि उजव्या कोपऱ्यात, ते लिहायचे तसं बारीक, लिहिलं: दात? त्यांना दाखवलं. मग खणातून रबर काढलं, दोनदा घासलं, भुगा फुंकला आणि बोट माझ्या छातीवर ठेवलं.

त्यांनी ते कार्ड घेतलं आणि खिडकीशी तिरकं धरलं. मग उठून खऱ्या कार्डाची फाईल काढली आणि तेही तसंच धरलं. कोपऱ्यात कागद जरा चकाकत होता, रबराच्या दोन फेऱ्यांएवढा.

"मी केली होती," ते म्हणाले.

मी मान डोलवली.

"केली होती मी खूण." दुसऱ्यांदा ते फार मोठ्याने म्हणाले, आपला आवाज किती चढलाय ते त्यांना कळत नव्हतं, जिन्यातली माणसं डोकावून गेली. मी शिव्यांची वाट बघत होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर आधी आलं ते हसू होतं, परीक्षेत पास झालेल्या मुलासारखं, आणि ते मला बघवेना. राग मागून आला. "चार वर्षं," ते म्हणाले, "समोर बसून होतीस तू. चहा देत होतीस." त्यांनी चष्मा डबीत घातला. "उरलीत किती?"

मी एका कोऱ्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, पाच हजार दोनशे.

"ती तू बघ. आणि जी झालीत तीही पुन्हा बघ. मी खुणा शोधत होतो. तू पुसलेलं शोध."

"एकच पुसली होती, मास्तर," मी म्हटलं. ओठ सावकाश हलवून, नीट. या वेळी त्यांनी बरोबर वाचलं. डबा उचलला आणि पाच वाजायच्या आत घरी गेले. ते पुन्हा आलेले नाहीत. काकू म्हणतात, आता एकदाच कुलूप लावतात.

मी त्या आईकडेही गेले. दुकानात ती शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती. मी सांगत असताना तिने हात थांबवला नाही. शेवटी म्हणाली, "त्या दिवशीच कळलं होतं मला. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता." आणि दुसरा शर्ट घेतला.

तेव्हापासून मी रोज कार्डं बघते आहे. एक एक कार्ड खिडकीशी तिरकं धरायचं आणि उजवा कोपरा बघायचा. एकच पुसली होती, हे मला पक्कं आठवत होतं. त्या दिवसाचा राग, रबर, भुगा, सगळं आठवत होतं. हे काम मी मास्तरांना खरं करून दाखवण्यासाठी करत होते.

आज सकाळी टाळूच्या कपाटात, सहाव्या खणात, एका आठ वर्षांच्या मुलाच्या कार्डाचा कोपरा चकाकला. अक्षर माझं आहे. तिथे कुठल्या कपाटाचं नाव होतं ते वाचता येत नाही. ते मी कधी पुसलं, का पुसलं, मला काहीही आठवत नाही. ते कार्ड पाकिटात घालून मी मास्तरांच्या घराचा जिना चढते आहे. त्या मुलाचे ओठ, मी विसरले तरी, कदाचित त्यांना आठवत असतील.